डेस्मंडचं १९९६ : वहीतली ती ओळ आधी कोणी लिहिली?

'लॉस्ट' मालिकेतला 'द कॉन्स्टंट' हा भाग पहिल्यांदा पाहताना बहुतेक जण एक गोष्ट उलटी समजतात. मीही समजलो होतो. आपल्याला वाटतं, २००४ मधला डेस्मंड मागे १९९६ मध्ये जातोय. प्रत्यक्षात १९९६ मधला डेस्मंड पुढे २००४ मध्ये येतोय. ही एक गाठ सुटली की निम्मा गुंता सुटतो. उरलेल्या निम्म्यावर चाहत्यांनी वर्षानुवर्षं डोकेफोड केली आहे, आणि त्यातली बरीचशी वाया गेलेली नाही. मालिका पाहायची राहिली असेल तर मात्र इथेच थांबा, पुढे सगळं फुटणार आहे.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. 'लॉस्ट' अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर २२ सप्टेंबर २००४ ला सुरू झाली आणि सहा सीझननंतर २३ मे २०१० ला संपली. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं विमान एका अज्ञात बेटावर कोसळतं, वाचलेले लोक तिथे अडकतात, आणि बेट काही साधं नाही हे हळूहळू उघड होतं. डेस्मंड ह्यूम विमानातला नाही. तो त्याआधी तीन वर्षं त्याच बेटावर, जमिनीखालच्या एका केंद्रात, दर १०८ मिनिटांनी एक बटण दाबत बसलेला आहे. तिथल्या प्रचंड विद्युतचुंबकीय शक्तीला आवर घालण्यासाठी ते बटण असतं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी तो आणीबाणीची किल्ली फिरवतो, केंद्र आतल्या आत कोसळतं, आणि डेस्मंड कसाबसा वाचतो. पण त्या क्षणापासून काळाशी त्याचं नातं बिघडतं ते बिघडतंच.

'द कॉन्स्टंट' हा चौथ्या सीझनचा पाचवा भाग, २८ फेब्रुवारी २००८ ला दाखवलेला. डेस्मंड आणि विमानातून वाचलेला सईद हेलिकॉप्टरने बेटावरून एका मालवाहू जहाजाकडे निघतात. बेटावरून बाहेर पडायचं तर ३०५ अंशांची दिशा काटेकोर पाळायची, असं फॅरडे या भौतिकशास्त्रज्ञाने बजावलेलं असतं. वाटेत वादळी ढग येतो, हेलिकॉप्टर जरा भरकटतं, आणि डेस्मंडचा चेहरा बदलतो. शेजारी बसलेला सईद कोण, हेच त्याला कळेना. कारण त्या शरीरात आता १९९६ चा डेस्मंड आहे, स्कॉटिश पलटणीतला एक शिपाई. त्याच्या लेखी बेट अजून घडायचंय, विमान पडायचंय, सईद भेटायचाय. मग क्षणात तो पुन्हा १९९६ च्या छावणीत आणि पुन्हा २००४ मध्ये, असा झोका सुरू होतो. शरीर दोन्हीकडे आपापल्या जागी असतं. इकडून तिकडे जाते ती फक्त जाणीव.

इथेच ही कथा नेहमीच्या काळप्रवासापासून वेगळी होते. यंत्रात बसून कोणी भूतकाळात उतरत नाही. त्यामुळे भूतकाळात एकाच माणसाच्या दोन प्रती समोरासमोर येण्याचा प्रश्न उरत नाही. पण दुसरा, जास्त त्रासदायक प्रश्न येतो: १९९६ चा डेस्मंड २००४ बघून परत गेला, तर मधली आठ वर्षं त्याला ते आठवत का नव्हतं? सगळ्या तर्कांची धाव शेवटी या प्रश्नाशी येऊन थांबते.

स्थिरांक म्हणजे काय

भागाचं नाव मराठीत आणायचं तर शब्द तयारच आहे: स्थिरांक. शाळेतल्या बीजगणितात चल आणि स्थिरांक असतात. चलाची किंमत बदलते, स्थिरांकाची बदलत नाही. समीकरणात सगळेच चल असतील तर उत्तराला धरायला काही राहत नाही. फॅरडेचं म्हणणं असं की डेस्मंडच्या डोक्याचं तेच झालंय. १९९६ मधल्या मनाला २००४ मध्ये ओळखीचं काहीच सापडत नाही. प्रत्येक झोक्यानंतर परतणं आणखी अवघड होतं आणि शेवटी मेंदू हार मानतो. जहाजावरचा मिन्कोव्हस्की नावाचा संपर्क अधिकारी याच आजाराने डेस्मंडच्या डोळ्यांसमोर मरतो. १९९६ मध्ये ऑक्सफर्डमधल्या तरुण फॅरडेच्या प्रयोगशाळेत एक उंदरीण असते, एलॉइझ. फॅरडे तिच्यावर किरण सोडतो आणि ती चक्रव्यूह बिनचूक पार करते. गंमत म्हणजे तो रस्ता फॅरडे तिला अजून तासाभराने शिकवणार असतो. थोड्या वेळाने तीही मरते.

वाचायचं तर दोन्ही काळांत असलेली आणि आपल्या जिवाभावाची एक गोष्ट हवी. डेस्मंडसाठी ती गोष्ट म्हणजे पेनी, १९९६ मध्ये त्याने जिच्याशी संबंध तोडलेत ती. तो १९९६ मध्ये तिच्या दाराशी जातो, तिचा फोन नंबर मागतो आणि सांगतो की नंबर बदलू नकोस, मी आठ वर्षं फोन करणार नाही, २४ डिसेंबर २००४ ला करेन. ती त्याला वेडा समजून नंबर देते, निदान तो जावा म्हणून. आणि २००४ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी जहाजावरून फोन लागतो. ती उचलते.

त्या फोनवर मला जास्त लिहायचं नाही. तो पाहायचा असतो.

बदललं की बदललं नाही

आता तर्क. बारीकसारीक फरक सोडले तर सगळे तर्क दोन गटांत जातात. पहिला गट म्हणतो, काहीच बदललं नाही. १९९६ मध्ये डेस्मंड ऑक्सफर्डला गेला, पेनीकडे गेला, हे पहिल्यापासून इतिहासात होतंच, आपल्याला ते उशिरा दाखवलं इतकंच. दुसरा गट म्हणतो, डेस्मंड अपवाद आहे. त्याने जाऊन भूतकाळ नव्याने लिहिला. त्याआधीच्या इतिहासात त्या भेटी नव्हत्या.

पहिल्या गटाच्या पाठीशी खरं भौतिकशास्त्र आहे, निदान गणिताच्या पातळीवर. १९८० च्या दशकात इगोर नोव्हिकॉव या रशियन शास्त्रज्ञाने एक तत्त्व मांडलं: भूतकाळात जाणं शक्य असेल तरी तिथे जाऊन विसंगती घडवता येणार नाही. तुम्ही तिथे जे कराल ते इतिहासात आधीपासूनच सामावलेलं असेल. यावर जोसेफ पोल्चिन्स्की या भौतिकशास्त्रज्ञाने एक अडचण उभी केली. बिलियर्डचा चेंडू अशा बोगद्यात शिरतो की तो काही क्षण आधी बाहेर पडतो, आणि बाहेर पडून स्वतःलाच असा धडकतो की आत जाणंच टळतं. मग बाहेर कसा पडला? १९९१ मध्ये किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की याच सुरुवातीपासून सुसंगत उत्तरंही निघतात. चेंडू स्वतःला जरासा चाटून जातो, त्यामुळे बोगद्यात थोडा तिरका शिरतो, आणि तिरका शिरल्यामुळेच बाहेर पडताना धक्का जोरात न बसता नुसता चाटून जातो. वर्तुळ पूर्ण. धक्का होता, पण तो सुरुवातीपासून होता.

मालिकेतला फॅरडेही पाचव्या सीझनच्या सुरुवातीला हेच सांगतो. काळ म्हणजे एक रस्ता, पुढेमागे चालता येईल, पण नवा रस्ता काढता येणार नाही. गंमत अशी की त्याच भागात तो डेस्मंडला म्हणतो की तुला हे नियम लागू नाहीत. झालं. दोन्ही गटांना एकाच तोंडून पुरावा मिळाला.

मला विचाराल तर निकाल या भाषणांवर लावू नये. पात्रं चुकू शकतात, आणि फॅरडे तर पुढे स्वतःच मत बदलतो. निकाल वस्तूंवर लावावा. वही, आकडे, होकायंत्र यांना मतं नसतात.

आकड्यांचं बघा. २००४ चा फॅरडे फोनवर डेस्मंडला सांगतो: ऑक्सफर्डला जाऊन मला शोध, यंत्र २.३४२ वर लाव म्हणावं, कंपन ११ हर्ट्झ ठेव. डेस्मंड १९९६ मध्ये जाऊन हे आकडे तरुण फॅरडेला देतो. तोवर त्याचं यंत्र नीट चालत नव्हतं, या आकड्यांनी चालतं. मग २००४ च्या फॅरडेकडे ते आले कुठून? त्याच्या वहीतून. वहीत कुठून? १९९६ मध्ये डेस्मंडने सांगितले म्हणून. म्हणजे हे आकडे कोणी शोधलेच नाहीत. ते एका वर्तुळात फिरत राहतात, आधी कोंबडी की आधी अंडं यासारखे.

पाचव्या सीझनमध्ये लेखकांनी हाच खेळ होकायंत्राशी उघडपणे खेळला. बेटावरचा जुना रहिवासी रिचर्ड हा विमानातून वाचलेल्या लॉकला होकायंत्र देतो, लॉक काळात मागे फेकला जाऊन १९५४ मध्ये तेच रिचर्डला देतो, रिचर्ड ते जपून ठेवतो आणि पुढे लॉकला देतो. ते कोणत्याच कारखान्यात बनलेलं नाही. वस्तूच्या बाबतीत हे अवघड आहे, कारण वस्तू झिजते. प्रत्येक फेरीत ते थोडं जुनं व्हायला हवं, मग अनंत फेऱ्यांनंतर उरेल काय? आकड्यांना ही अडचण नाही. माहिती झिजत नाही. म्हणून मला आकड्यांचं वर्तुळ होकायंत्रापेक्षा जास्त पटतं.

आणि बदलाच्या गटाला हे वर्तुळ गैरसोयीचं आहे. इतिहास खरंच नव्याने लिहिला गेला असता, तर 'आधीच्या' इतिहासात फॅरडेने ते आकडे स्वतः शोधलेले असायला हवेत. तसं मानता येतं, पण मालिकेत त्याचा एकही धागा नाही.

वही

भागाच्या अगदी शेवटी फॅरडे बेटावर आपली वही चाळतो आणि एका ओळीवर थबकतो: काही बिघडलं, तर डेस्मंड ह्यूम माझा स्थिरांक असेल. अक्षर त्याचंच. पण तो ती ओळ जणू पहिल्यांदाच वाचतोय असं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

बदलाचा गट इथे उड्या मारतो. बघा, डेस्मंड आत्ताच १९९६ ला जाऊन आला, म्हणून ओळ आत्ताच उगवली! पहिल्यांदा पाहताना खरंच तसंच वाटतं, आणि लेखकांना ते वाटायला हवंच होतं. पण एक साधं स्पष्टीकरण त्याच भागात पेरून ठेवलंय. ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत किरण सोडताना फॅरडे अंगात शिशाचं जाकीट घालतो. डेस्मंड विचारतो, हे असं तू रोज करतोस, मग डोक्यावर काय घालतोस? उत्तर नाही. याच्या एकच भाग आधी आपण फॅरडेला पत्त्यांचा खेळ खेळताना पाहिलेलं असतं: तीन पत्ते पालथे, कोणते ते आठवून सांगायचं, आणि त्याला दोनच आठवतात. त्याची स्मृती बिघडलेली आहे, ही गोष्ट पुढे तर स्पष्टच होते. ओळ नव्याने उगवली असं मानायचं, की उघड्या डोक्याने किरणांत काम केलेला माणूस ती विसरला असं मानायचं? मला दुसरं जास्त सोपं वाटतं.

वहीची गोष्ट पुढे आणखी रंगते. फॅरडेला ती वही त्याच्या आईने, एलॉइझ हॉकिंगने, दिलेली. उंदरिणीचं नाव कुठून आलं ते इथे कळतं. पाचव्या सीझनमध्ये फॅरडे १९७७ मध्ये पोहोचतो तेव्हा तरुण एलॉइझ त्याला ओळखत नाही आणि गोळी घालते. मग त्याच्या वहीत तिला स्वतःचंच हस्ताक्षर दिसतं, जे तिने अजून लिहिलेलंच नाही. म्हणजे त्या दिवसापासून वहीतला मजकूर तिच्यासमोर आहे. डेस्मंडच्या नावाची ती ओळसुद्धा.

आता तिसऱ्या सीझनमधला 'फ्लॅशेस बिफोर युअर आइज' हा भाग आठवा, १४ फेब्रुवारी २००७ चा. त्यात डेस्मंड १९९६ मध्ये पेनीसाठी अंगठी घ्यायला जातो आणि दुकानातली म्हातारी त्याला ओळखते, तू अंगठी घेणार नाहीस म्हणते, पुढचं सगळं सांगते. ती हीच एलॉइझ. तेव्हा ती जणू नियतीच माणसाच्या रूपात आल्यासारखी वाटली होती, आणि कित्येक जण ते सगळं डेस्मंडच्या डोक्यात चाललंय असं म्हणत होते. चाहत्यांचा एक तर्क मात्र तिला जमिनीवर आणतो: तिच्याकडे कसली दिव्यदृष्टी नाही, तिने १९७७ मध्ये मुलाची वही वाचली आहे. मालिकेने हे शब्दांत कधी सांगितलेलं नाही. पण मी वाचलेल्या सगळ्या तर्कांत हा मला सगळ्यात देखणा वाटतो, कारण तो नवीन काही गृहीत धरत नाही. समोर दाखवलेल्या दोन गोष्टींना नुसता दोरा बांधतो.

मग मूळ प्रश्न: डेस्मंडला मधली आठ वर्षं काही आठवत का नव्हतं? फॅरडेसारखं त्याचं डोकं काही किरणांनी भाजलेलं नव्हतं.

उत्तराची किल्ली पाचव्या सीझनच्या पहिल्या भागात आहे. बेट काळात उसळ्या मारतंय. अशाच एका उसळीत फॅरडे त्या जमिनीखालच्या केंद्राचं दार ठोठावतो. आत डेस्मंड आहे, अजून बटण दाबणारा. फॅरडे त्याला सांगतो, ऑक्सफर्डला जा, माझ्या आईला शोध. आणि लगेच आपण पाहतो ते तीन वर्षांनंतरचं दृश्य: बेट सोडून पेनीबरोबर राहणारा डेस्मंड बोटीवर दचकून जागा होतो. तो सांगतो की हे स्वप्न नव्हतं, आठवण होती. घटना जुनी, आठवण आत्ता आली.

माझं मत यावरच उभं आहे. डेस्मंडच्या बाबतीत घटना बदलत नाहीत, त्या कधी आठवतात तेवढं बदलतं. मण्यांची माळ तीच, मणीही तेच, फक्त त्याचं बोट क्रमाने फिरत नाही. ज्या मण्यावर बोट अजून टेकलेलं नाही तो त्याच्यासाठी नसतो, माळेत असला तरी. असं धरलं तर दोन्ही गटांचं भांडण बरंचसं शब्दांचं उरतं. नियम त्यालाही लागू आहेत, पण आपल्यासारखे त्याच क्रमाने नाहीत.

'बरंचसं' म्हटलं, कारण एक भोक राहतं आणि ते मला बुजवता आलेलं नाही. चार्ली, विमानातून वाचलेल्यांपैकी एक. केंद्र कोसळल्यानंतर डेस्मंडला चार्लीचे मृत्यू दिसू लागतात, एकदा विजेने, एकदा बुडून, एकदा घशात बाण लागून. प्रत्येक वेळी तो चार्लीला वाचवतो. म्हणजे त्याने पाहिलेलं भविष्य घडलं नाही! काहीच बदलत नाही म्हणणाऱ्यांनी इथे काय करायचं? काही म्हणतात, ते नुसते आभास होते, 'द कॉन्स्टंट'मधला प्रवास वेगळा. ही पळवाट आहे, कारण दोन्हींचं मूळ एकच स्फोट आहे. लेखकांनी स्वतःच अंगठीच्या दुकानातल्या बाईकडून उत्तर वदवून घेतलंय: विश्व आपली चूक दुरुस्त करतं. तिच्या डोळ्यांसमोर लाल बुटांचा माणूस कोसळलेल्या परांचीखाली चिरडतो. त्याला सावध केलं असतं तरी तो उद्या दुसऱ्या कशाने मेला असता, असं ती म्हणते. चार्लीही तिसऱ्या सीझनच्या शेवटी मरतोच. ठीक, पण 'तपशील बदलतात, शेवट बदलत नाही' आणि 'काहीच बदलत नाही' ही दोन वेगळी विधानं आहेत. तिसऱ्या सीझनची मालिका पहिलं मानते, पाचव्या सीझनची दुसरं. लेखकांचा विचार मधल्या काळात पक्का होत गेला, असं माझं साधं निदान आहे. त्यात वाईट काही नाही.

बेटावरचं घड्याळ हा वेगळाच विषय, तो या तर्कांत मिसळू नये. फॅरडे जहाजावरून एक छोटं रॉकेट बेटावर मागवतो, ते यायला हवं त्यापेक्षा ३१ मिनिटं उशिरा येतं. जहाजावरच्या डॉक्टरचं प्रेत बेटाच्या किनाऱ्याला लागतं तेव्हा जहाजावर डॉक्टर जिवंत असतो. इथे कोणाची जाणीव कुठे जात नाही, दोन ठिकाणची घड्याळं वेगळी चालताहेत. घड्याळं वेगळी चालणं ही तर कल्पनाही नाही. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्ती धरूनच आपला नकाशा बरोबर रस्ता दाखवतो. डॉक्टरचं प्रेत मात्र त्याच्या मरणाआधी पोहोचतं, तिथे हे गणित तोकडं पडतं.

जाता जाता नावांचा खेळ. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधलं. हर्मान मिन्कोव्हस्की यांनी १९०८ मध्ये अवकाश आणि काळ एकत्र विणले, आणि पुढच्याच वर्षी ४४ व्या वर्षी ते गेले. मालिकेतला मिन्कोव्हस्की काळाच्या आजारानेच मरतो, हा विनोद जरा क्रूर आहे. आणि डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने विचारलं होतं की कारण आणि परिणाम यांचा धागा आपल्याला खरंच दिसतो, की एकामागून एक घडताना पाहून आपण तो मनाने जोडतो? ज्याच्या आयुष्यात परिणाम आधी आणि कारण नंतर येतं, त्या माणसाचं आडनाव ह्यूम. नावांवरून कथानकाचे तर्क लढवणाऱ्यांच्या हाती पुढे फारसं काही लागलं नाही, पण हे आडनाव उगाच ठेवलं असेल असं मला वाटत नाही.

'काहीच बदललं नाही' हे धरून चाललात तर मागच्या भागांतलं एक दृश्य पुन्हा पाहा. दुसऱ्या सीझनचा शेवट, मे २००६ मध्ये दाखवलेला, म्हणजे 'द कॉन्स्टंट'च्या जवळजवळ दोन वर्षं आधी. काळ २००१. डेस्मंड बोटींच्या शर्यतीच्या तयारीत आहे, स्टेडियममध्ये व्यायाम करतोय, आणि पेनी तिथे त्याला गाठते. पैसा आणि जिद्द असली की कोणालाही शोधता येतं, असं सांगते. तुटलेल्या प्रेमाची एक अवघडलेली भेट, इतकंच तेव्हा ते दृश्य होतं. आता तिच्या बाजूने पाहा. पाच वर्षांपूर्वी हाच माणूस तिच्या दारात येऊन म्हणाला होता की नंबर बदलू नकोस, २००४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी फोन करेन. तो समोर उभा आहे, त्याला त्यातलं काही आठवत नाही. ती तारीख यायला अजून तीन वर्षं आहेत. आणि ती त्याबद्दल एक शब्दही काढत नाही.